उजव्या हाताचं भाडं

मिस्त्रीला शुद्ध आली तेव्हा त्याने पहिला प्रश्न विचारला तो साच्याचा.

"साचा फुटला का?"

बायको इस्पितळाच्या खाटेजवळ स्टुलावर बसली होती. उजव्या मनगटाच्या जागी बांधलेलं पांढरं गाठोडं त्याला अजून दिसलं नव्हतं. तिला मात्र कालपासून दुसरं काहीच दिसत नव्हतं. "नाही फुटला," ती म्हणाली. साचा म्हणजे नेमकं काय हेही तिला धड ठाऊक नव्हतं, पण त्या घडीला माणूस दुसरं काय बोलणार?

मिस्त्री पत्र्याच्या कारखान्यात होता. पत्रा दाबून त्यातून डबे, झाकणं, ताटल्या काढणारे मोठाले प्रेस तिथे ओळीने उभे होते. प्रेसमध्ये साचा बांधायचा, पहिले काही नग स्वतः काढून बघायचे आणि मग मशीन कामगाराच्या ताब्यात द्यायचं, हे त्याचं काम. मिसरूड फुटल्यापासून त्याने तेच केलं. त्या खात्यात दहाही बोटं धड असलेली माणसं तशी कमीच. कुणाचं टोक गेलेलं, कुणाचं पेर. मिस्त्रीची सगळी शाबूत होती आणि त्याचा त्याला आतल्या आत अभिमान होता. बोलून मात्र दाखवत नसे, न जाणो, दृष्ट लागायची. त्या दिवशी एक नग साच्यात अडकला. प्रेस थांबवलेला होता. मिस्त्रीने हात आत घातला, आणि थांबवलेला प्रेस आपसूक खाली आला. एकदाच. क्लच झिजला होता, असं नंतर चौकशीत निघालं.

घरी आल्यावर त्याच्या लक्षात आलं, की माणसांच्या बोलण्यात किती हात असतात. भेटायला येणारा जो तो काहीतरी बोलून जीभ चावायचा. "काही लागलं तर सांगा, आम्ही हात द्यायला आहोतच." "आता हातपाय गाळून चालायचं नाही, मिस्त्री." खालच्या मजल्यावरचा शिंपी तर "बोलाचालीला माणूस हाताशी असला की..." एवढं म्हणून असा काही गोरामोरा झाला, की समोरचा चहा तसाच टाकून उठला. मिस्त्रीला तेव्हा हसू आलं होतं. बायको कप उचलायला आली तेव्हा मात्र तो भिंतीकडे तोंड करून पडला होता.

कारखान्याने त्याला काढलं नाही आणि ठेवलंही नाही. दोन महिने अर्धा पगार आला, मग तोही थांबला. भरपाई मिळणार असं सगळे म्हणत, पण ती काही आपल्या पायांनी चालत येत नाही. तिच्यामागे बायको चालली. काज-बटणाच्या कारखान्यातली पाळी संपली की ती तशीच कामगार कचेरीत जायची, आज साहेब नाहीत, उद्या शिक्का नाही, हे ऐकून परत यायची. एका चपलेचा अंगठा तुटला तर तो खिळ्याने ठोकून घेऊन तीच चप्पल वापरली. वर्ष उलटायच्या आत भरपाईचा धनादेश आला. इतके पैसे त्या दोन खोल्यांत एका वेळी कधी आले नव्हते, आणि पुन्हा येणारही नव्हते.

पैशाचा वास भिंतींनाही लागतो म्हणतात. दोनच दिवसांनी बायकोचा भाऊ हजर झाला. तो ड्रायव्हर होता, दुसऱ्याचा टेम्पो चालवायचा. माणूस वाईट नव्हता. मनातलं तोंडावर बोलायचा आणि बोलताना स्वतःच त्यात वाहून जायचा.

"दाजी, मी सांगतो ते ऐका. टेम्पो घेऊ. अर्धे तुमचे, अर्धे कर्जाचे. चालवायला मी आहे. तुम्ही नुसतं गल्ल्यावर बसा. दोन वर्षांत दुसरा टेम्पो नाही उभा केला तर नाव सांगणार नाही."

मिस्त्रीला ते पटत होतं. टेम्पोपेक्षाही त्याच्या मनात होता एक छोटा प्रेस. भाड्याने गाळा घ्यायचा, कामाला दोन माणसं ठेवायची, साचा कसा बांधायचा ते तोंडाने सांगायचं. तो इतक्या दिवसांत पहिल्यांदा भरभरून बोलला. बायको दाराच्या चौकटीला टेकून ऐकत होती.

"झालं तुमचं दोघांचं?" ती म्हणाली. "आता माझं ऐका. हे पैसे पोस्टात ठेवायचे."

"पोस्टात?" मेहुणा हसला. "ताई, पैसे काय पत्र आहेत?"

तिच्या कारखान्यात दर महिन्याला एक बचतवाल्या बाई यायच्या, बायकांना सरकारी योजनांची माहिती द्यायला. त्यांच्याकडून तिने सगळं दोन-दोनदा विचारून घेतलं होतं. मासिक उत्पन्नाची योजना होती. मुद्दल पाच वर्षं सरकारकडे ठेव. त्यावरचं ठरलेलं व्याज दर महिन्याला खात्यात. पाच वर्षं दर कमी होणार नाही, बुडण्याची भीती नाही, हमी सरकारची. मुदत संपली की मुद्दल जसंच्या तसं परत, हवं तर पुन्हा ठेवा. मध्येच मोडलं तर थोडं कापून घेतात.

"आणि दोन खाती करायची," ती म्हणाली. "उद्या वेळ आलीच तर एक मोडता येईल, दुसरं तरी राहील. दोन्ही आपल्या दोघांच्या नावावर. एकट्याला हात लावता येणार नाही."

'हात' म्हणताना तिने जीभ चावली नाही. अपघातानंतर तो शब्द सरळ वापरणारी घरात ती एकटीच होती.

मिस्त्री भडकला. "म्हणजे हात गेला, आणि आपण बसून त्याचं भाडं खायचं? आयत्या बिळावर नागोबा?"

"हो, भाडं खायचं," ती म्हणाली. "इतकी वर्षं त्या हाताने घर चालवलं. आता तो नाही, तर त्याचं भाडं चालवेल. तुमचा टेम्पो चालेलही, प्रेस चालेलही. नाही चाललं तर? हात काही पुन्हा तोडून द्यायचा नाही."

मेहुणा चहा न घेता गेला. मिस्त्री चार दिवस तिच्याशी बोलला नाही. पाचव्या दिवशी ती म्हणाली, "चला," आणि तो निघाला. भांडायला लागणारी ताकदही त्याच्यात उरली नव्हती, हे त्यातलं खरं.

पोस्टाची इमारत जुनी, छत उंच, खिडकीपुढे लाकडी कठडा. कठड्यावर शाईचे डाग, गोंदाची बाटली, दोरीने बांधलेलं पेन. बायकोने पुढे होऊन सही केली. मग कारकुनाने अर्ज मिस्त्रीकडे सरकवला, तसा त्याने सवयीने उजवा खांदा पुढे केला. कारकुनाची नजर रिकाम्या बाहीवर गेली. त्याने शाईचा पॅड पुढे ठेवला.

"डावा अंगठा लावा."

मिस्त्रीला सही येत होती. हजेरीच्या पुस्तकात तो ती अशी झोकात करायचा, की खालची रेघ शेजारच्या रकान्यात जायची आणि हजेरी लिहिणारा ओरडायचा. तो नववीपर्यंत शिकला होता. मागच्या रांगेतलं कुणीतरी म्हणालं, "अहो, लवकर आटपा की." त्याने अंगठा टेकवला, एकदा, दोनदा, जिथे जिथे दाखवलं तिथे. बाहेर येऊन तो अंगठा विजारीला पुसत राहिला, विजार निळी झाली तरी. त्या इमारतीत पुन्हा पाऊल टाकायचं नाही, असं त्याने ठरवून टाकलं.

व्याज बायकोच्या बचत खात्यात जमा व्हायचं, त्यामुळे त्याला जावं लागतही नसे. महिन्याच्या सुरुवातीला ती जायची, पैसे आणायची, दाण्यागोट्याचं, दुधाचं आणि पोरीच्या शाळेचं आटपायची. पोरीला घरात चिमणी म्हणत. वयाने दहा-अकरा वर्षांची, अंगाने बारीक, पण डोळ्यांतून काही सुटत नसे. बाप जेवायला बसला की विचारतो, हे तिच्याही लक्षात आलं होतं.

"हे कशातलं?"

"म्हणजे?"

"तुझ्या पगारातलं की त्या पैशांतलं?"

त्या पैशांतलं असेल तर तो कोरडा भात खाऊन उठायचा. पहिले काही महिने बायको खोटं बोलली. मग एक दिवस तिने आपला पगार आणि व्याज दोन्ही एकाच डब्यात ओतलं, डबा हलवला आणि त्याच्यापुढे ठेवला. "घ्या, हुंगून बघा. कोणतं कशातलं ते ओळखा आणि मग जेवा." चिमणी फिसकन हसली. मिस्त्री जेवला. त्यानंतर त्याने विचारलं नाही, पण आतला पीळ काही सुटला नाही. खायला काळ आणि भुईला भार, असं तो स्वतःबद्दल बोलायचा, तेही पोरीच्या देखत. कारखान्याचा भोंगा वाजला की अजूनही जागा व्हायचा. मग जिन्याच्या पायरीवर बसून कामावर जाणाऱ्यांचे पाय बघत राहायचा. चेहरे बघत नसे, कारण चेहरे बघितले की बोलावं लागतं.

मेहुण्याने सगळं कर्ज काढून टेम्पो घेतला. तो चालला. शिंपी येता-जाता सांगायचा, "मेहुणा जोरात आहे हं तुमचा." मिस्त्री ते ऐकायचा आणि घरी आल्यावर बायकोकडे बघून नुसता हुंकार भरायचा. त्यातलं न बोललेलं तिला सगळं ऐकू यायचं.

चौथं वर्ष संपता संपता, एका रविवारी, मेहुणा घरी आला. बऱ्याच दिवसांनी. हातात संत्र्यांची पिशवी, आणि खिशातून काढलेलं पाकीट त्याने बहिणीपुढे ठेवलं. ती डोळ्यांनी त्याला गप्प करत होती, पण ज्याच्या पोटात काही राहत नाही त्याला डोळ्यांनी काय गप्प करणार?

"असू दे ताई, दाजींनाही कळू दे. दाजी, गेल्या वर्षी माझं इंजिन बसलं होतं. हप्ते थकले. गाडी ओढून न्यायला माणसं दारात आली होती. ताईनं दोन महिने व्याजाचे पैसे मला दिले, म्हणून गाडी राहिली. आज फेडतोय."

मिस्त्रीच्या डोळ्यांपुढे ते दोन महिने आले. तेव्हा दूध बंद होतं, चिमणीने जुनेच बूट घातले होते, बायको म्हणाली होती की कारखान्यात काम कमी आहे. त्याला आधी संताप आला. "मला का नाही सांगितलं?"

"तुम्ही नको म्हणाला असतात," बायको म्हणाली. "आणि नको म्हणायचा तुम्हाला हक्क होता. म्हणून विचारलंच नाही."

मेहुणा मान खाली घालून संत्रं सोलत होता. "ताई मला काही बोलली नाही," तो हळू म्हणाला. "पण मला ठाऊक होतं ते पैसे कशाचे आहेत. मी लोकांना सांगतो, माझी गाडी दाजींच्या हातानं ओढून धरली."

आणि त्याने सोललेलं संत्रं मिस्त्रीपुढे केलं. मिस्त्रीने ते घेतलं. बराच वेळ तो एकेक फोड खात बसला. इतक्या वर्षांत त्याला कुणी असं म्हटलं नव्हतं. तो हात ज्याला त्याला आठवायचा तो गेलेला हात म्हणून. त्याने अजूनही काही केलं असेल, हे त्याच्या स्वतःच्याही डोक्यात आलं नव्हतं.

पुढच्या वर्षी मुदत संपायची होती. मुद्दल पुन्हा ठेवायला दोघांनी जायला हवं होतं. मिस्त्री बायकोला म्हणाला, "मी येईन, पण अंगठा लावणार नाही."

"मग?"

"सही करीन."

पत्र्यावर खुणा करायचा खडू त्याच्या जुन्या पेटीत होता. स्वयंपाकघराची फरशी काळी होती. बायको कामावर आणि पोरगी शाळेत गेली, की तो फरशीवर मांडी घालून बसायचा आणि डाव्या हातात खडू धरायचा. डावा हात म्हणजे कामावर नवा आलेला मदतनीस, असं त्याने मनाशी धरलं. नव्या माणसावर ओरडून उपयोग नसतो, त्याला आधी सोपं काम द्यायचं. म्हणून आधी उभ्या रेघा, मग आडव्या, मग गोल. गोल महिनाभर अंड्यासारखे आले. चिमणी एकदा लवकर घरी आली, दारात थांबून तिने फरशीकडे पाहिलं आणि उंबऱ्यावर बसली. मग म्हणाली, "बाबा, खडू फार दाबता तुम्ही." त्या दिवसापासून ती त्याची मास्तरीण झाली. चुकलं की डोक्यात टपली मारायची, आणि तो मुकाट खायचा.

मुदतीच्या दिवशी खिडकीत एक पोक्त बाई होत्या. सही बदलायची आहे म्हटल्यावर त्यांनी नियम सांगितला. जुनी नोंद अंगठ्याची आहे, तेव्हा हा माणूस तोच, हे पटवायला एकदा अंगठा लावावाच लागेल. मिस्त्रीचा चेहरा पडला. बाईंनी त्याच्याकडे नीट पाहिलं, शाईचा पॅड ठेवला आणि त्याच्या शेजारी एक ओला बोळाही ठेवला.

"हा शेवटचा," त्या म्हणाल्या. "पुसा, आणि मग करा सही."

सही वाकडी आली, शाळकरी पोरासारखी. पण अक्षर न् अक्षर वाचता येत होतं. नवा दर आधीपेक्षा उतरला होता, महागाई चढली होती, महिन्याचे पैसे पहिल्यासारखे पुरणार नव्हते. बाहेर आल्यावर बायकोने ते बोलून दाखवलं. मिस्त्रीने ऐकलं की नाही कोण जाणे. तो आपल्या पंजाकडे बघत चालला होता.

लिहिता येतं म्हटल्यावर कामही मिळालं. जुन्या ओळखीच्या फोरमनने त्याला एका लहान वर्कशॉपच्या हत्यारांच्या खोलीत बसवलं. कोणी पाना नेला, कोणी कानस परत केली, ते लिहायचं. पगार थोडा, पण पगार. काज-बटणाचे, हत्यारांच्या खोलीचे आणि पोस्टातले असे पैसे मिळून चिमणी नर्सिंगला गेली. घराची ती तीन-चार वर्षं बरी गेली. त्यांच्याबद्दल सांगण्यासारखं फार काही नाही. चांगल्या दिवसांचं तसंच असतं.

मग बायकोच्या पोटात दुखायला लागलं. तिने ते अंगावर काढलं, आणि डॉक्टरांकडे जाईपर्यंत गाठ मोठी झाली होती. ऑपरेशन लवकर करायला हवं होतं. सरकारी दवाखान्यात पाळी यायला वेळ लागणार होता, आणि खासगीत पैसे लागणार होते. मिस्त्री पोस्टात गेला, एक खातं मोडायचा अर्ज आणला, त्यावर सही केली आणि तो तिच्या खाटेवर ठेवला. तिची सही लागणार होती.

"मी नाही करणार," ती म्हणाली.

"अगं, वेड लागलंय का तुला?"

"ते तुमच्या म्हातारपणाचं आहे. माझ्यामागे तुम्ही काय पोरीच्या तोंडाकडे बघत बसणार? आणि मुदतीआधी मोडलं की कापून घेतात."

"कापू दे."

"कापू दे म्हणे! पै-पै करून..." तिला पुढे बोलवेना. तिने तोंड फिरवलं.

मिस्त्री खाटेच्या कडेला बसला. त्याला ओरडता आलं असतं, पण तो ओरडला नाही. "हे बघ," तो म्हणाला, "हात माझा गेला. त्याचं भाडं आजवर तू म्हणशील तिथे लागलं. घरात लागलं, पोरीला लागलं, तुझ्या भावाच्या टेम्पोलाही लागलं. मी कधी विचारलं नाही. आता एकदा मी म्हणतो तिथे लागू दे."

ती कोपरावर जोर देऊन उठून बसली. मग म्हणाली, "पेन द्या." सही करताना ती रडत होती आणि बरोबरीने त्याला बोलतही होती, की व्यवहार म्हणून काही कळत नाही तुम्हाला, लग्नाच्या दिवसापासून कळला नाही. त्याने सगळं ऐकून घेतलं.

ऑपरेशननंतर ती अडीच वर्षं जगली. पहिलं वर्ष तर ती पुन्हा कामावरही गेली. चिमणीला पहिली नोकरी लागलेली तिने पाहिली, तिच्या पांढऱ्या गणवेशाला काजं तिनेच केली. मग दुखणं उलटलं. या वेळी डॉक्टरांनीच मान हलवली. दुसरं खातं मोडायची गोष्ट मिस्त्रीने काढली तेव्हा तिने त्याच्याकडे असं पाहिलं, की पुन्हा तो विषय निघाला नाही. तिला घरीच राहायचं होतं, आणि ती घरीच गेली, एका दुपारी, चिमणीच्या मांडीवर डोकं ठेवून. मिस्त्री तेव्हा औषध आणायला गेला होता. या एका गोष्टीसाठी त्याने स्वतःला पुढे कधी माफ केलं नाही.

उरलेल्या खात्यावरचं तिचं नाव कमी झालं, वारस म्हणून पोरीचं लागलं. व्याज आता मिस्त्रीच्या खात्यात यायला लागलं. पहिले काही महिने त्याने ते काढलंच नाही. घरात दिवा लावायचा नाही, चूल पेटवायची नाही, वर्कशॉपमध्ये मिळेल तो पाव खायचा. शेवटी मेहुणाच एक दिवस टेम्पो घेऊन दारात आला. आता त्याच्याही डोक्यावर केस उरले नव्हते. "दाजी, ताई असती तर तुम्हाला चपलेनं मारलं असतं," तो म्हणाला आणि त्याला गाडीत घालून पोस्टात घेऊन गेला. दोघांनी मिळून सामान आणलं. मेहुण्याने स्वयंपाक केला, तो इतका वाईट झाला की मिस्त्री पुष्कळ दिवसांनी हसला, आणि हसता हसता रडला. मेहुणा भांडी घासत राहिला, वळून बघितलं नाही.

चिमणी दुसऱ्या गावच्या इस्पितळात होती. तिला दोन खोल्या मिळाल्या होत्या. दर फोनवर तिचं एकच पालुपद असायचं. "बाबा, इकडे या. एकटे काय करताय तिथे?"

"पाहुणा म्हणून येईन."

"घरच्या माणसाला पाहुणा काय म्हणायचं?"

"पाहुण्याला परत जायला जागा असते, पोरी," तो म्हणाला. "तुझी आई मला तेवढं देऊन गेली आहे."

ती रागावली, फोन ठेवला, दुसऱ्या दिवशी पुन्हा केला.

महिन्याचे पैसे जमा झाले त्या आठवड्यात त्याने वर्कशॉपमधून रजा घेतली आणि जायचं-यायचं दोन्ही तिकीट काढलं. लेकीकडे तो आठ दिवस राहिला. ती कामावर गेली की बाजारात जाऊन अंडी, भाजी, पाव घेऊन यायचा, पैसे स्वतःचे द्यायचा. तिने नको म्हटलं तर ऐकू न आल्यासारखं करायचा. तिच्या दाराची कडी सैल होती, ती त्याने एका हाताने, पाना गुडघ्यात धरून, घट्ट करून दिली.

निघायच्या दिवशी तिची सकाळची पाळी होती. ती गणवेश घालून त्याला बसपर्यंत सोडायला आली.

"राहा ना अजून," ती म्हणाली.

"पुढच्या महिन्यात येतो."

"नक्की?"

"नक्की."

बस सुटली. ती हात हलवत उभी होती, मग घड्याळ बघून इस्पितळाकडे चालायला लागली. पुढच्या महिन्यात तो आला, त्याच्या पुढच्या महिन्यातही आला. त्या खेपेला मात्र रविवार गाठून आला, तिला सुट्टी असते म्हणून.